बोप्लाँचा पंचनामा आणि इतरांचा सातबारा

युक्रेनच्या युद्धावर वाद पेटला की एक जुना नकाशा लोक एकमेकांना पाठवू लागतात. १६४८ साली दान्झिगमध्ये, म्हणजे आजच्या ग्दान्स्कमध्ये, विलेम होंडियसने तो तांब्याच्या पत्र्यावर कोरला. मथळा लॅटिनमध्ये आहे: 'देलिनिआतिओ जेनेरालिस काम्पोरुम देसेर्तोरुम व्हुल्गो उक्राइना'. म्हणजे 'ओसाड मैदानांचा, लोक ज्यांना उक्राइना म्हणतात त्यांचा, सर्वसाधारण आराखडा'. एक बाजू 'उक्राइना'भोवती लाल वर्तुळ काढते आणि म्हणते, पावणेचारशे वर्षांपूर्वीही हा देश होता. दुसरी बाजू 'देसेर्तोरुम'खाली रेघ ओढते आणि म्हणते, तिथे माणूसच नव्हता, जमीन ज्याने वसवली त्याची. दोघेही मथळ्याच्या पुढे जात नाहीत.

हा नकाशा ज्याने मोजून काढला त्या गियोम ल व्हासर द बोप्लाँने एक पुस्तकही लिहिलं. ते वाचलं तर दोन्ही बाजूंच्या हातातला कागद निसटतो. बोप्लाँने लिहिलेला दस्तऐवज पंचनामा आहे. लोक त्याचा सातबारा करू पाहतात. पंचनाम्यात काय सापडलं, किती अंतरावर, कोणाच्या सांगण्यावरून, हे असतं. जमीन कोणाच्या नावे आहे हे त्यातून ठरत नाही. पण म्हणून पंचनामा बिनकामाचा ठरत नाही. जागेवर नेमकं काय होतं हे सांगणारा तोच कागद असतो, फक्त तो पंचनामा म्हणून वाचता यायला हवा.

बोप्लाँ नॉर्मंडीचा फ्रेंच लष्करी अभियंता. १६३०च्या सुमारास तो पोलंड-लिथुआनियाच्या राजाच्या चाकरीत आला आणि १६४७मध्ये तिथून निघाला. ही सतरा वर्षं त्याने मुख्यतः हेटमन, म्हणजे सेनापती, स्तानिस्वाफ कोनियेत्सपोल्स्कीच्या हाताखाली काढली. किल्ले बांधणं, नद्या मोजणं, वसाहतींच्या जागा आखणं हे त्याचं काम. फ्रान्सला परतल्यावर १६५१मध्ये रुआँ शहरात त्याने पुस्तकाच्या मोजक्या प्रती छापून घेतल्या. तेव्हा मथळ्यात 'युक्रेन' हा शब्दच नव्हता. पुस्तकाचं नाव होतं 'पोलंडच्या राज्यातील, मॉस्कोव्हीच्या (तेव्हाच्या रशियाच्या) सीमेपासून ट्रान्सिल्व्हेनियाच्या हद्दीपर्यंतच्या मुलखांचं वर्णन'. नऊ वर्षांनी, १६६०मध्ये, तेच पुस्तक वाढवून पुन्हा छापलं गेलं ते 'युक्रेनचं वर्णन' म्हणून, आणि लगेच खाली खुलासा: 'म्हणजे पोलंडच्या राज्यातील अनेक प्रांत'. लोकांच्या चालीरीती आणि लढण्याची पद्धत यांचाही मथळ्यातच उल्लेख झाला.

लेखक तोच, मुलूखही तोच, मग मथळा का बदलला? मधल्या काळात बोहदान ख्मेलनित्स्कीच्या नेतृत्वाखाली कोसॅकांचा, म्हणजे या सीमाभागातल्या मोकळ्या लढवय्यांचा, पोलंडविरुद्ध उठाव झाला होता. १६४८पासून पश्चिम युरोपात कोसॅकांच्या बातम्या पोचत होत्या आणि तो मुलूख कोणता हे वाचकाला जाणून घ्यायचं होतं. 'युक्रेन' हा शब्द लोकांच्या तोंडी आधीपासून होताच, १६४८च्या नकाशातलं 'व्हुल्गो' म्हणजे 'लोकांच्या बोलीत' हे त्याचंच लक्षण. पुस्तकाच्या मथळ्यावर तो चढला तेव्हा त्याला खुलासा जोडावा लागला. १६६०चं मुखपृष्ठ दाखवून स्वतंत्र राज्य सिद्ध करणाऱ्याने ही खुलाशाची ओळ झाकू नये. आणि 'युक्रेन हे नाव लेनिनच्या काळातलं' म्हणणाऱ्याने १६४८चं 'व्हुल्गो' झाकू नये.

हे दुसरं म्हणणं आज फार जोरात आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी १२ जुलै २०२१च्या आपल्या लेखात 'उक्राइना' म्हणजे जुन्या लेखनातला 'सीमेवरचा भाग' असं मांडलं आणि २१ फेब्रुवारी २०२२च्या भाषणात आजचं युक्रेन बोल्शेविकांनी घडवलं असं सांगितलं. शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख ११८७ सालच्या नोंदीत, पेरेयास्लावच्या राजपुत्राच्या मृत्यूच्या संदर्भात येतो. त्याचा अर्थ तिथे सीमाप्रांत की नुसता मुलूख, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण स्लाव भाषांत 'क्राय' म्हणजे कडाही आणि प्रदेशही. मराठी वाचकाला यात अवघड काही नाही. घाटावरच्या पट्ट्याला आपण 'देश' म्हणतो, तिथल्या लोकांना देशस्थ म्हणतो आणि भारतालाही देशच म्हणतो. एका शब्दाची व्याप्ती दऱ्याखोऱ्यांपासून राष्ट्रापर्यंत पसरते आणि आकसते. व्युत्पत्तीवरून कोणाचा राष्ट्र म्हणून जगण्याचा हक्क ठरत असता तर जगातली निम्मी राष्ट्रं आज सकाळीच रद्द झाली असती.

'ओसाड' या शब्दाकडे मात्र जास्त बारकाईने पाहावं लागतं, कारण त्यात खरी माहिती दडली आहे. पोलंडच्या राजाला उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत बोप्लाँ सांगतो की आपण पन्नासाहून अधिक मोठ्या 'स्लोबोदा' वसवल्या आणि थोड्या वर्षांत त्यांच्यातून हजाराहून जास्त गावं उभी राहिली. स्लोबोदा या शब्दातच मोकळीक आहे. नव्या वसाहतीत येणाऱ्या कुळाला ठरावीक वर्षं सारा आणि वेठ माफ, मुदत संपली की जमीनदाराचा हिशेब सुरू. १६३०च्या दुष्काळानंतर पुणे प्रांतात कौल देऊन गावं पुन्हा बसवली गेली ती रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला 'ओसाड' लगेच कळेल. महसुलाच्या कागदात ओसाड म्हणजे जिथून सारा येत नाही ती जमीन. तिथे मासे पकडणारे, मध गोळा करणारे, मीठ आणणारे, घोडे चारणारे लोक असू शकतात आणि तिथे ते होते. बोप्लाँच्या हिशेबात ते वस्ती म्हणून धरले गेले नाहीत इतकंच.

आणि ती जमीन नांगराविना का होती, हेही त्याच्याच पुस्तकात आहे. क्राइमियाच्या तातारांचे हल्ले गुलाम पकडण्यासाठी होत. नदी गोठावी आणि जमीन बर्फाने मऊ व्हावी म्हणून ते हिवाळा निवडत, कारण त्यांच्या घोड्यांना नाल नसत. नद्या ओलांडाव्या लागू नयेत म्हणून दोन खोऱ्यांमधल्या पाणलोटाच्या उंचवट्यावरून ते चालत. वस्तीच्या भागात खोलवर शिरल्यावर मुख्य फौज मागे वळे आणि बाजूच्या फळ्यांतून पाचपाचशे-सहासहाशेच्या टोळ्या सुटत. रात्री गावाच्या चारी बाजूंना मोठ्या शेकोट्या पेटवून पहारा बसे, म्हणजे अंधारातून कोणी निसटू नये. परतताना माग चुकवण्यासाठी चारशे स्वारांची टोळी शंभरशंभरच्या चार भागांत चार दिशांना जाई, प्रत्येक शंभराचे तीन भाग होत, त्यांचे पुन्हा तीन. गवतावर इतक्या वाटा उमटत की पाठलाग करणाऱ्याला खरी वाट सापडत नसे. दर काही हिवाळ्यांनी हे होत असेल तर नांगर कोण धरणार? त्या मैदानांची रिकामी जागा माणसांच्या चोरीने तयार झाली होती. तिला 'कोणाचीच नव्हती' म्हणणं म्हणजे दरोडा पडलेल्या घराला बेवारस म्हणण्यासारखं आहे.

'ओसाड' या दाव्याला सर्वांत पक्कं उत्तर कोदाकच्या किल्ल्यात आहे. द्नीप्रो नदीच्या पहिल्या धबधब्यापाशी १६३५च्या उन्हाळ्यात बोप्लाँने हा किल्ला बांधला. रिकाम्या मैदानावर पहारा ठेवायला कोणी तोफा आणि शिबंदी बसवत नाही. हा किल्ला कोसॅकांसाठी होता, म्हणजे वरच्या प्रांतांतून खाली झापोरोझियाकडे, म्हणजे धबधब्यांपलीकडच्या कोसॅकांच्या मुलखाकडे, पळणाऱ्या कुळांना आणि खालून समुद्रावर निघणाऱ्या होड्यांना अडवण्यासाठी. जाँ मारियाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखाली सुमारे दोनशे माणसं ठेवली होती. ऑगस्टमध्ये मोहिमेवरून परतणाऱ्या इव्हान सुलिमाच्या कोसॅकांनी अचानक छापा घालून किल्ला पाडला, मारियाँ आणि त्याची शिबंदी कापली गेली. डिसेंबरात सुलिमाला वॉर्सात मृत्युदंड झाला. १६३८मध्ये नोंदणीकृत, म्हणजे राजाच्या पगारावरच्या, कोसॅकांची संख्या सहा हजारांवर आणली गेली आणि १६३९मध्ये कोदाक पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठा, उभा राहिला. १६४८मध्ये वेढा पडून तोही कोसॅकांच्या हाती गेला. जिथे कोणी नव्हतं असं सांगतात, तिथे तेरा वर्षांत एकच किल्ला दोनदा बांधावा लागला आणि दोन्ही वेळा स्थानिकांनी घेतला.

आज जुन्या कोदाकची तटबंदी थोडीच उरली आहे, कारण विसाव्या शतकात ग्रॅनाइटच्या खाणीने तिचा बराचसा भाग पोखरून नेला. ज्या धबधब्यांवर पहारा होता तेही १९३२मध्ये झापोरिझिया इथल्या धरणाच्या पाण्याखाली गेले. म्हणून बोप्लाँची मोजणी आता आणखी मोलाची आहे. पण तीही वाचावी कशी हे कळायला हवं. तो तेरा धबधबे मोजतो. दहाव्या शतकातला बायझंटाइन सम्राट कॉन्स्टन्टाइन सात नावं देतो, पुढच्या वर्णनांत नऊ हा आकडा रूढ झाला. यात कोणी खोटं बोलत नाही. खडकांची रांग नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड गेली तर ती 'पोरोह', बाजूने पाण्याला वाट सोडली तर 'झाबोरा'. बोप्लाँच्या यादीत व्होरोनोवा झाबोरा आहे, म्हणजे त्याने दोन्ही प्रकार एकत्र मोजले. शिवाय हंगामाचा फरक. वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की नेनासितेत्स सोडून बाकीचे बहुतेक पाण्याखाली जातात, असं त्याने नोंदवलं आहे. नेनासितेत्स म्हणजे ज्याचं पोट भरत नाही असा. आकडा उद्धृत करताना कोणी, कोणत्या व्याख्येने, कोणत्या पाण्यात मोजला हे सोबत दिलं नाही, तर सात, नऊ आणि तेरा यांच्यात विनाकारण भांडण लागतं. हे धबधबे चढून गेल्याशिवाय कोणी कोसॅक होत नाही असं कोसॅक म्हणत, आणि आपण ते चढलो आहोत हे बोप्लाँ अभिमानाने लिहितो. शत्रूच्या नदीबद्दलचा हा आदर त्याच्या पुस्तकात वारंवार दिसतो.

तो सर्वाधिक खुलतो कोसॅकांच्या होड्यांवर. हा भाग मी प्रत्येक वाचकाला आधी वाचायला सांगेन, कारण इथे त्याची नजर कारागिराची आहे. होडीला कणा नाही. तळाला विलो किंवा लिंडनच्या एकाच खोडातून कोरलेली सुमारे ४५ फुटांची डोणी. तिच्या दोन्ही बाजूंना दहाबारा फूट लांब आणि एक फूट रुंद फळ्या एकीवर एक चढवून खिळ्यांनी ठोकत जायच्या, प्रत्येक थरागणिक होडी रुंद आणि लांब होत जाते, शेवटी लांबी ६० फूट आणि रुंदी १० ते १२ फूट. मग दोन्ही कडांना पाणकणसाच्या पेंढ्यांचे पिंपाएवढे जाड जुडगे टोकापासून टोकापर्यंत झाडाच्या सालीने घट्ट बांधायचे. होडीला वरून झाकण नाही, लाट आत आली की ती भरते, आणि भरली तरी हे जुडगे तिला बुडू देत नाहीत. वल्ही प्रत्येक बाजूला दहा ते पंधरा. सुकाणू दोन, दोन्ही टोकांना, कारण इतकी लांब होडी वळवण्यात वेळ जातो आणि पळ काढायचा तर वळण्याएवढा वेळ नसतो. डोलकाठी एक, शीड फक्त चांगल्या हवेत. एका होडीवर साठ माणसं पंधरा दिवस खपतात, आणि दोनतीन आठवड्यांत ८० ते १०० होड्या तयार होतात.

प्रत्येक होडीत ५० ते ७० माणसं, माणशी दोन बंदुका आणि एक तलवार, होडीवर चारसहा लहान तोफा. खाण्यासाठी दहा फूट लांब आणि चार फूट व्यासाच्या पिंपात सुकी बिस्किटं, शिवाय उकडलेलं वरीसारखं धान्य आणि पाण्यात कालवलेली आंबूस कणीक. मोहिमेवर दारूला सक्त मनाई, प्यालेला सापडला तर समुद्रात. २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणानंतर निघायचं, ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत परतायचं. नदीच्या मुखातून सुटलं की ३६ ते ४० तासांत अनातोलियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा, किनारा. होडी पाण्यावर अडीच फूटच दिसते, म्हणून तुर्की गलबत यांना आधी दिसतं. मग संध्याकाळी सूर्य पाठीशी घेऊन थांबायचं, मावळतीच्या तासभर आधी वल्ही मारत जवळ जायचं, मध्यरात्री निम्म्या माणसांनी गलबतावर चढायचं.

बिघडतं कुठे हेही तो लपवत नाही. दिवसा गलबतांशी गाठ पडली तर तोफांपुढे या होड्या टिकत नाहीत, पांगून पळतात, आणि मोहिमेवर गेलेल्यांपैकी क्वचितच निम्म्याहून अधिक परत येतात. मुखाशी तुर्कांचा पहारा वाढला तर ओचाकिवच्या पूर्वेला खाडीत शिरून एकेक होडी दोनतीनशे माणसांनी जमिनीवरून ओढत न्यायची.

इतक्या तपशिलात तो लिहू शकला, कारण याच होड्या अडवणं हे त्याचं काम होतं. म्हणूनच हा भाग भरवशाचा आहे. तरीही डोळे झाकून घेण्यासारखा नाही. होडीची उंची तो बारा फूट सांगतो आणि पाण्यावर अडीच फूट दिसते असंही सांगतो. दोन्ही सरळ उभी मापं धरली तर होडी साडेनऊ फूट पाण्यात रुतली पाहिजे. मग ती धबधब्यांतून कशी उतरेल आणि जमिनीवरून कशी ओढली जाईल? बारा फूट हे माप बाहेर झुकलेल्या फळ्यांच्या अंगाने घेतलं असावं, असं मला वाटतं. मोजणाऱ्या माणसाचे आकडेसुद्धा एकमेकांसमोर उभे करून पाहावे लागतात, ते असे.

तातारांच्या फौजेचा आकडा दुसऱ्या जातीचा आहे. खान स्वतः निघाला तर ऐंशी हजार स्वार, असं तो लिहितो. एका रांगेत शंभर स्वार, प्रत्येकाजवळ दोन जादा घोडे, म्हणजे रांगेत तीनशे घोडे, आणि अशा आठशे ते हजार रांगा. शंभर गुणिले आठशे, गणित बरोबर जुळतं. पण जुळतं म्हणून मोजलेलं ठरत नाही. रांगेतले शंभर कोणीतरी पाहिले असतील, आठशे रांगा कोणी मोजल्या? ऐकीव बेरजेला भागून रांगा काढल्या असण्याची शक्यता अधिक. होडीच्या फळ्या आणि शत्रूची संख्या एकाच पुस्तकात, एकाच सुरात येतात, म्हणून दोन्हींना सारखा मान देण्याची चूक वाचक करतो.

पुस्तकात निव्वळ दंतकथाही आहेत. गवताळ प्रदेशातला बोबाक हा खारीच्या कुळातला प्राणी हिवाळ्याची बेगमी कशी करतो? तर एक बोबाक उताणा पडतो, बाकीचे त्याच्या पोटावर गवत रचतात आणि त्याला शेपटीने गाडीसारखा ओढत बिळात नेतात. यावर कोणी भांडणार नाही. पण तातारांवरचं प्रकरण उघडलं की पहिल्याच भागात सांगितलं जातं की त्यांची मुलं कुत्र्याच्या पिल्लांसारखी मिटल्या डोळ्यांनी जन्मतात आणि बरेच दिवस डोळे उघडत नाहीत. हे बोबाकाइतकंच खोटं आहे, पण माणसांबद्दल आहे आणि म्हणून विषारी आहे. सतरा वर्षं सीमेवर राहिलेला, फूटपट्टी घेऊन चालणारा माणूस हे लिहितो, कारण तातारांच्या घरात तो कधी पाहुणा म्हणून गेला नाही. त्याने त्यांना शत्रू म्हणून पाहिलं. मे १९४४मध्ये क्राइमियाच्या तातारांना, अख्ख्या समाजाला, काही दिवसांत घरांतून उचलून मध्य आशियाकडे हद्दपार करण्यात आलं. त्या समाजाबद्दलचा असा मजकूर आज 'प्रत्यक्षदर्शीचं वर्णन' म्हणून टिपेशिवाय पुढे ढकलणं मला अक्षम्य वाटतं. हल्ल्यांची रीत सांगणारा परिच्छेद द्यायलाच हवा, कारण ते हल्ले झाले आणि लाखमोलाची माणसं बाजारात विकली गेली. पण त्याच हाताने डोळ्यांचा परिच्छेदही दाखवायला हवा, म्हणजे लिहिणाऱ्याची नजर कुठवर पोचत होती हे वाचकाला कळेल.

कोसॅक आणि युक्रेनी शेतकरी यांच्याबद्दल तो बराच जवळून लिहितो. सुतार, लोहार, चाकं घडवणारे, चामडं कमावणारे, जीन शिवणारे, पिंपं बांधणारे अशा कारागिरांची मोठी यादी देतो आणि सोऱ्यापासून उत्तम बंदुकीची दारू तिथे बनते हे नोंदवतो. धान्य इतकं पिकतं की त्याचं करायचं काय हा प्रश्न पडतो, कारण ते समुद्राकडे न्यायला नदी एकच आणि तिच्यात धबधबे. लगेच पुढे मात्र हे लोक आळशी आणि प्यायला बसले की थांबत नाहीत, असा शेरा. मोहिमेवर प्यालेल्याला समुद्रात टाकणारे हेच लोक, हे त्यानेच सांगितलेलं असतं.

बोप्लाँ निघून गेल्यावर सात वर्षांनी, १६५४मध्ये, अलेप्पोचा पॉल हा अरब ख्रिस्ती धर्मसेवक आपल्या वडिलांबरोबर, म्हणजे अँटिऑकचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख मकारिओस यांच्याबरोबर, याच मुलखातून गेला. त्याला तिथे वाचता येणाऱ्या बायका आणि मुली दिसल्या, प्रार्थनेचा क्रम तोंडपाठ असलेल्या. पॉललाही बाजू होती. तो त्यांच्याच पंथाचा होता, त्याचं स्वागत घंटा वाजवून होत होतं. पण एकाला दारू दिसते आणि दुसऱ्याला पोथी, तेव्हा दोघांना समोरासमोर ठेवल्याशिवाय 'सतराव्या शतकातले युक्रेनी असे होते' हे वाक्य लिहायचा अधिकार कोणालाच नाही. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक करायला मराठी इतिहास-संशोधकांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच शिकवलं. ती शिस्त पुणे-सातारच्या कागदांपुरती ठेवून दूरच्या देशाबद्दल मात्र मिळेल ते चित्र पुढे ढकलायचं, हे बरोबर नाही.

शेतकऱ्याच्या देण्याचा हिशेब हा या पुस्तकातला माझ्या मते सर्वांत जड उतारा. आठवड्यातले तीन दिवस मालकाच्या शेतावर, आपले घोडे आणि आपले हात घेऊन. जमिनीच्या प्रमाणात धान्य. ईस्टर, पेंटेकोस्ट आणि ख्रिसमसच्या आधी कोंबड्या आणि बदकांसारखे पाळीव पक्षी. मालकाची लाकडं वाहायची. मेंढ्या, डुकरं, मध, फळं यांचा दहावा हिस्सा, आणि दर तिसऱ्या वर्षी तिसरा बैल. त्यांच्या मालमत्तेवरच नव्हे तर जिवावरही मालकाचा हक्क. सरदार स्वर्गात राहतात आणि कुळं शुद्धीच्या अग्नीत, अशा आशयाचं तो लिहितो, आणि कुळं पळून झापोरोझियाला का जातात याचं कारण यातच आहे हेही सांगतो. हे लिहिणारा त्याच सरदारांच्या पगारावर होता, आणि पळणाऱ्यांची वाट अडवणारा किल्ला त्यानेच बांधला होता. आपल्या धन्याविरुद्ध जाणारी माहिती साक्षीदार स्वतःहून देतो, तेव्हा तिचं वजन वाढतं. तो निघून गेल्यावर वर्षभरात उठाव झाला. तो त्याने पाहिला नाही, पण त्याची कारणं त्याच्या वहीत आधीच उतरली होती.

या हिशेबात जे बोलत नाहीत त्यांचीही नोंद घ्यायला हवी. कुळाचं एक वाक्य त्यात नाही. मालक आणि कुळ यांच्यामध्ये बसवलेल्या ज्यू ठेकेदारांचं आणि १६४८मध्ये ज्यांच्या कत्तली झाल्या त्या ज्यू वस्त्यांचं जग त्यात जवळजवळ दिसत नाही. लग्नासाठी मुलीच मुलाच्या घरी जाऊन मागणी घालतात असं तो सांगतो, पण मुलींपैकी कोणी स्वतः काही सांगितल्याची खूण नाही. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात. इथे एकच सही आहे, ती फ्रेंच अभियंत्याची.

आपल्यापर्यंत हा मजकूर कसा पोचतो तेही पाहण्यासारखं आहे. बोप्लाँ इंग्रजीत आला १७०४मध्ये, चर्चिल बंधूंनी लंडनला काढलेल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात. त्याच संग्रहात जहांगीरच्या दरबारात गेलेल्या टॉमस रोची रोजनिशी आहे आणि १६९५मध्ये कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाला भेटलेल्या जेमेल्ली कारेरीचं वर्णनही. रो आणि कारेरी यांचं प्रत्येक वाक्य आपण तपासून घेतो, दुभाषा कोण होता, तो किती दिवस राहिला, कोणाचा पाहुणा होता हे विचारतो. त्यांच्या शेजारी बसवलेल्या बोप्लाँला हेच प्रश्न विचारायचे.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. उतारा देताना १६५१ची आवृत्ती की १६६०ची ते लिहावं, कारण मथळ्यावरच अर्धा वाद आहे. १७०४चं इंग्रजी, १८३२चं रशियन, १९९०चं कीव्हचं युक्रेनी की १९९३चं हार्वर्डचं इंग्रजी भाषांतर, ते सांगावं. शेवटच्या इंग्रजी भाषांतरात टिपा आहेत आणि सामान्य वाचकासाठी तेच सर्वांत सोयीचं. फ्रेंच फूट आजच्या फुटापेक्षा थोडा मोठा, सुमारे साडेबत्तीस सेंटिमीटर, म्हणून ६० फुटांची होडी साडेएकोणीस मीटरची. 'लीग' हे अंतराचं जुनं माप जसंच्या तसं ठेवावं, मनाने किलोमीटर करू नयेत. आणि शाळा-कॉलेजात या युद्धाची पार्श्वभूमी शिकवताना नकाशाच्या मथळ्याशेजारी होड्यांचं पान आणि देण्याच्या हिशेबाचं पान ठेवावं. ही तीन पानं तासाभरात वाचून होतात.

नकाशा छापताना आणखी एक गोष्ट बिघडते. १६४८च्या मूळ पत्र्यावर दक्षिण वर आहे. काळा समुद्र आणि क्राइमिया कागदाच्या वरच्या कडेला, कीव्ह खाली. आजच्या सवयीप्रमाणे उत्तर वर यावी म्हणून काही जण तो उलटा करून छापतात, मग लॅटिन अक्षरं डोक्यावर उभी राहतात आणि त्यांच्याऐवजी नवी नावं चिकटवली जातात. तसं न करता तो आहे तसा समोर ठेवला, तर वाचक कोनियेत्सपोल्स्कीच्या जागी उभा राहतो: पाठीशी सारा देणारी गावं, समोर द्नीप्रो वरच्या दिशेने समुद्राकडे वाहणारी, तिच्या वळणावर धबधबे आणि कोदाक, धबधब्यांच्या पलीकडे कोसॅकांची बेटं, आणि त्याहून वर, कागद संपण्याआधी, क्राइमिया.